पॉलिप्रॉपिलीनवर मॅलेइक अनहायड्राइडचे ग्राफ्टिंग करताना साखळ्या तुटतात

प्रश्न:
नमस्कार. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीला मॅलेइक अनहायड्राइडचे रेणू जोडायचे आहेत (यालाच ग्राफ्टिंग म्हणतात). दुहेरी स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये (वितळवून, मिसळून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात) १९० अंश सेल्सिअसला, शंभर भाग पॉलिप्रॉपिलीनला दोन भाग मॅलेइक अनहायड्राइड आणि ०.२ भाग डायक्युमिल पेरॉक्साइड असे मिश्रण हॉपरमधूनच (दाणे टाकण्याच्या तोंडातूनच) सोडत आहे. मूळ दाण्यांचा मेल्ट फ्लो इंडेक्स (वितळ किती सहज वाहते याचे माप) ३ होता. आता डायमधून (टोकाच्या साच्यातून) येणारा स्ट्रँड (धागा) इतका पातळ असतो की पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचण्याआधीच तुटतो. ग्राफ्टिंग वाढावे म्हणून पेरॉक्साइड ०.४ केले, तर ग्राफ्टिंग जेमतेम वाढले आणि पातळपणा मात्र फारच वाढला. नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर १:
पेरॉक्साइडपासून सुटलेला मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, फार क्रियाशील तुकडा) साखळीतल्या तृतीयक कार्बनवरचा (तीन कार्बनांना जोडलेल्या कार्बनवरचा) हायड्रोजन काढून घेतो, आणि तिथे तयार झालेल्या मूलकापुढे मुख्यतः दोन वाटा असतात: अनहायड्राइडचा रेणू जोडून घेणे किंवा तिथेच साखळी तोडणे. अनहायड्राइड वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये नीट विरघळत नाही, त्यामुळे बहुतेक मूलकांच्या आसपास तो नसतोच आणि दुसरी वाट जिंकते. (पॉलिइथिलीनमध्ये याच्या उलट तक्रार ऐकू येते; तिथे साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन जेल होते.)

आपल्या मांडणीत आणखी एक अडचण दिसते. डायक्युमिल पेरॉक्साइडचा अर्धायुकाल (निम्मे विघटन होण्याचा वेळ) १७० ते १७५ अंशांच्या आसपास सुमारे एक मिनिट असतो, तर १९० अंशांना तो काही सेकंदांवर येतो. म्हणजे दाणे वितळून अनहायड्राइड त्यात पसरण्याआधीच पेरॉक्साइड संपलेले असते, तेही एकाच जागी. ते पुढच्या बॅरलमध्ये, वितळ एकजीव झाल्यावर सोडावे. ती सोय नसल्यास दाण्यांऐवजी पावडर घेऊन त्यावर ते आधी सारखे पसरवावे.

उत्तर २:
वरील मुद्द्याशी सहमत आहे, परंतु जागा बदलून सगळे सुटेल असे मला वाटत नाही. अनहायड्राइडइतक्याच मोल प्रमाणात स्टायरीन देऊन पाहावे. साखळीवरच्या मूलकाला स्टायरीन चटकन जोडले जाते, त्यातून होणारा मूलक अधिक स्थिर असल्याने साखळी तोडत नाही, आणि पुढे त्याला अनहायड्राइड सहज जोडले जाते. स्टायरीन १४५ अंशांना उकळते, म्हणून ते पंपाने दाबाखाली बॅरलमध्येच सोडावे लागते. हॉपरमध्ये टाकल्यास त्याची वाफ वरच निघून जाईल.

उत्तर ३:
ग्राफ्टिंगचा आकडा कसा काढला, हे आपण लिहिलेले नाही. दाणे गरम झायलीनमध्ये विरघळवून, ॲसिटोनमध्ये साका पाडून, व्हॅक्यूममध्ये वाळवल्याशिवाय केलेल्या टायट्रेशनमध्ये (अल्कली घालून आम्ल मोजण्याच्या चाचणीत) न जोडलेले अनहायड्राइडही मोजले जाते. इन्फ्रारेड वर्णपटात १७८० प्रति सेंमीच्या आसपासची पट्टी अनहायड्राइडची असते. १७१० च्या आसपास दिसली, तर अनहायड्राइडची काही वलये ओलाव्याने उघडून आम्ल झाले आहे असे समजावे. व्हेंटच्या (वाफ बाहेर ओढण्याच्या) नळीवरही लक्ष असू द्या. अनहायड्राइड ५३ अंशांना गोठतो, त्यामुळे थंड नळीत पांढरा थर साचून आमचा व्हॅक्यूम दोनदा बसला होता.

शिवाय हा माल कशासाठी हवा आहे? नायलॉनबरोबरच्या मिश्रणात अनहायड्राइड नायलॉनच्या अमाइन टोकाशी जोडला जातो, पण साखळ्या फार आखूड असतील तर त्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये पुरेशा गुंतत नाहीत आणि जोड कच्चा राहतो.

प्रश्नकर्ता:
वापर नायलॉन ६ बरोबरच्या मिश्रणातच आहे. आणि टायट्रेशन न धुतलेल्या दाण्यांवरच केले होते, म्हणजे माझे दोन्ही आकडे फुगलेले असणार. आधी जुने नमुने धुऊन मोजतो, मग पेरॉक्साइडची जागा बदलतो. स्टायरीनसाठी पंप मिळेपर्यंत थांबावे लागेल.