मेसोथेलिओमा : इम्युनोथेरपीसाठी जमीन विकावी का?

कृष्णाकाठ (सांगली)
आमचे काका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. वाफेच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची, पांढरा भुगा अंगावर घेऊनच डबा खायचा. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. दिवाळीत छातीत पाणी झालं. दोनदा काढलं, टीबीच्या गोळ्याही झाल्या. शेवटी मिरजेत दुर्बिणीतून तुकडा काढला : मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर, त्यातला सार्कोमॅटॉइड प्रकार. चुलतभाऊ अर्धा एकर विकून इम्युनोथेरपी द्यायची म्हणतोय, घरात दोन तट पडलेत. मी द्यावी या मताचा आहे.

कारण सांगतो. फुप्फुसाभोवतीच्या अस्तरात मेसोथेलियल पेशींचा एकच पातळ थर असतो. त्यांचं काम नुसतं वंगण सोडायचं, असा माझाही समज होता. पण या पेशी जंतू ओळखतात, रसायनं सोडून पांढऱ्या पेशींना बोलावतात, जंतूचे तुकडे टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) दाखवूही शकतात. म्हणजे त्या पहाऱ्यावरच असतात. ॲस्बेस्टॉसचा लांब तंतू मात्र कुठल्याच पेशीला गिळून पचवता येत नाही. मरणाऱ्या पेशींतून प्रथिनं सांडत राहतात, सूज वर्षानुवर्षं धुमसते आणि 20 ते 50 वर्षांनी कॅन्सर उगवतो. बऱ्याचदा तोच कॅन्सर टी पेशींना ब्रेक लावतो. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची दोन औषधं हे ब्रेक काढतात. जिथं पहारा मोडला तिथंच दुरुस्ती, म्हणून मला हा उपचार पटतो.

माणदेशी
विज्ञान पटलं, हिशेब पटला नाही. 605 रुग्णांच्या चाचणीत या जोडीवर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) 18.1 महिने, केमोवर 14.1. चार महिन्यांसाठी अर्धा एकर? माझ्या वडिलांच्या कॅन्सरला आम्ही मळा विकला. सलाईन चालू असताना ते रोज एकच विचारायचे, "मळा कुणाला दिला?" शेवटपर्यंत खोटं सांगितलं. ते ओझं अजून उतरलं नाही.

मिरजकर
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण तो आकडा इथं लावू नका. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, म्हणून सांगतो : रिपोर्टवरचा प्रकार आधी वाचा. एपिथेलिऑइड हा दुसरा प्रकार असता तर 18.7 महिने विरुद्ध केमोवर 16.5, मग मीही तुमच्याच बाजूनं बोललो असतो. एपिथेलिऑइड नसलेल्या प्रकारांत, काकांचा त्यातलाच, 18.1 विरुद्ध 8.8, दुपटीहून जास्त. तिथं केमोच फारशी चालत नाही.

कऱ्हाडकर
त्या चाचणीतले रुग्ण हिंडते-फिरते होते, हे कुणी बोलतच नाही. ब्रेक काढले की टी पेशी आतड्यावर, थायरॉइडवर, चांगल्या फुप्फुसावरही तुटून पडू शकतात. गंभीर त्रास शंभरात 30 जणांना झाला. केमोतही 32 जणांना झाला, मान्य. पण काकांची आज ताकद किती, हे कुणी पाहिलंय का?

माणदेशी
मिरजकर, 8.8 चा मुद्दा मान्य. तरी सगळे प्रकार धरले तर तीन वर्षांनी या जोडीवर शंभरात 23 जिवंत उरले, केमोवर 15. विकायचंच तर घरच्यांना हे 23 स्पष्ट सांगून विका. आणि टाटा हॉस्पिटलनं 20 मिलीग्रॅम निवोलुमॅब देऊन फायदा दाखवलाय, तो स्वस्त मार्ग का नको?

मिरजकर
तो अभ्यास डोक्या-मानेच्या कॅन्सरचा, सोबत केमोही होती. तोच डोस इथं चालेल असं धरून जमीन वाचवू नका. डॉक्टरांना जरूर विचारा.

कृष्णाकाठ (सांगली)
काल रात्री काकांनाच सगळं सांगितलं, 23 सुद्धा. महिनाभर ते उशीला टेकून बसूनच झोपतात. जमिनीचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "आडवं झोपाय मिळंल का तेवढं इचार." सोमवारी डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच, मग डोसचा. जमिनीचा व्यवहार तोवर थांबवलाय. माझं मत अजून द्यावी असंच आहे.