आईची परीक्षा कन्नडमध्ये, आणि म्हातारपणावरची नवी औषधं

येळ्ळूरकर:
आईचं वय ७८. शाळा दुसरीपर्यंत, बाकी सगळा जन्म भाताच्या शेतात. दिवाळीपासून गॅसवर दूध ठेवून विसरायला लागली, म्हणून बेळगावात एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं. तिथं स्मरणशक्तीची ३० गुणांची परीक्षा घेतली, ती कन्नडमध्ये. 'सेबु, मेजु, नाण्य' (सफरचंद, टेबल, नाणं) हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. आईचं कन्नड बाजारापुरतं: येष्टु, बेकु, बेडा. आज तारीख काय, असं विचारल्यावर म्हणाली, "काल संकष्टी झाली की." संकष्टी खरंच आदल्या दिवशी होती. त्याला गुण शून्य. एकूण १५ पडले आणि चिठ्ठीवर डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, लिहून आलं. महिन्याभरानं ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी तेच प्रश्न मराठीत विचारले, तेव्हा २२. विसरते हे खरंच आहे, पण एवढी विसरत नाही.

आता मुद्दा. म्हातारपण लांबवायच्या संशोधनावर जगभर पाण्यासारखा पैसा चाललाय. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारावरचं लेकॅनेमॅब हे औषध २०२३ साली अमेरिकेत मंजूर झालं. तेव्हा ते दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं होतं, आणि तिथं वर्षाची किंमत होती २६,५०० डॉलर. १,७९५ रुग्णांवर १८ महिने पाहून निघालं काय, तर घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. आजार किती वाढला हे मोजायच्या १८ गुणांच्या मापावर हा फरक अर्ध्या गुणालाही भरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: आधी रक्तदाब, साखर, कान, डोळे आणि माणसाच्या भाषेत तपासणी. बाकीचं मग.

खानापूरचा_विद्यार्थी:
काका, आईंच्या बाबतीत झालं ते चूकच. पण 'आधी हे, मग ते' मला पटत नाही. संशोधन असं रांगेत उभं राहून होत नाही. रॅपामायसिन या औषधाचं बघा. १९६४ साली निघालेल्या मोहिमेनं पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावरून माती आणली, तिच्यातल्या जिवाणूपासून ते निघालं. बुरशीवरचं औषध म्हणून सुरेंद्रनाथ सेहगल हे शास्त्रज्ञ त्याच्या मागं लागले. कंपनीनं काम बंद केलं तेव्हा त्यांनी नमुने घरच्या फ्रीजरमध्ये जपले. १९९९ मध्ये ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी मंजूर झालं. २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे आपल्या हिशेबानं साठीच्या उंदरांना दिलं, तर त्यांचं आयुष्य वाढलं. माणसात तसं होतं हे अजून सिद्ध नाही. पण त्या वेळी कुणी 'आधी गरजेचं बघा' म्हणून ती माती फेकून दिली असती तर?

निपाणीची_लेक:
येळ्ळूरकर दादा, तुम्ही 'अर्धा गुणही नाही' म्हणालात ते मला लागलं. माझ्या बाबांना सहा वर्षं हा आजार होता. आई विड्या वळायची, मी तिच्या शेजारी बसून बाबांना भात भरवायची. १८ महिन्यांवर २७ टक्के म्हणजे साधारण पाच महिने. शेवटच्या वर्षात बाबा मला 'बाई, तुम्ही कुणाच्या?' म्हणून विचारायचे. पाच महिने जास्त त्यांनी मला नावानं हाक मारली असती, तर मी दागिने मोडले असते. ज्यानं बघितलंय त्याला हे छोटं वाटत नाही.

येळ्ळूरकर:
ताई, माझा शब्द लागला असेल तर माफ करा. बाबांच्या बाबतीत मी बोलत नाही. पण लेकॅनेमॅबच्या त्याच चाचणीत औषध घेतलेल्या १२.६ टक्के लोकांच्या मेंदूला सूज दिसली. काहींच्या मेंदूत रक्तस्राव. म्हणून पुन्हापुन्हा एमआरआय करावा लागतो. खानापूरच्या जंगलाकडच्या गावातनं एसटी धरून येणाऱ्या म्हाताऱ्याला हे झेपणार कसं? रक्तदाबाची गोळी मात्र गावात मिळते. २०१९ च्या अमेरिकी चाचणीत वरचा आकडा १२० च्या खाली आणायचं ठरवून उपचार केले, तर विस्मरणाची सुरुवात कमी लोकांत दिसली.

खानापूरचा_विद्यार्थी:
तेही पूर्ण सांगा काका. त्या चाचणीत सौम्य विस्मरण कमी झालं, पण डिमेन्शियातला फरक ठाम ठरला नाही. आणि कानाचं म्हणाल तर श्रवणयंत्रांच्या २०२३ मधल्या ९७७ जणांच्या चाचणीत तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून फायदा दिसलाच नाही. ज्यांना मुळात धोका जास्त, त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे तुमचे 'साधे' उपायसुद्धा संशोधनाशिवाय कळत नाहीत.

शहापूरकर:
दोघंही औषधावर अडकलाय. भाषेकडं या. मेंदूरोगतज्ज्ञ डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी हैदराबादला ६४८ डिमेन्शिया रुग्ण तपासले, २०१३ मध्ये छापून आलं. दोन भाषा बोलणाऱ्यांना आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. न शिकलेल्यांतसुद्धा! पुढच्या सगळ्या अभ्यासांत हे तसंच आलं नाही, हेही सांगतो. पण बेळगावच्या आमच्या शहापुरात मागाच्या खड्ड्यात बसून मराठी-कन्नड दोन्ही बोलत म्हातारी झालेली माणसं आहेत. त्यांना मोजायला कुणी आलंय? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात ४५ च्या पुढच्या हजारो लोकांचा अभ्यास करतंय. तसं इथं सीमाभागात व्हायला पाहिजे. ते झाल्याशिवाय येळ्ळूरकरांच्या आईला कुठला आकडा लावायचा, हेच ठरणार नाही.

येळ्ळूरकर:
हे मला शंभर टक्के मान्य. असल्या संशोधनाला माझा विरोध नाही. माझं भांडण कन्नडशीही नाही, आईला कन्नड बोलणाऱ्या शेजारणी बहिणीसारख्या आहेत.

निपाणीची_लेक:
मग एक विचारते. मराठीत परीक्षा केली तरी तारखेच्या जागी तिथी सांगितली तर गुण द्यायचे का? माझ्या आईला सोमवार सांगता येतो, महिना श्रावण सांगते, पण ऑगस्ट सांगत नाही.

खानापूरचा_विद्यार्थी:
द्यायला पाहिजेत. हरियाणात बल्लभगडला न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी हिंदीत अशी परीक्षा १९९५ च्या आधीच बसवली. लिहिता-वाचता न येणाऱ्याला ती अडवत नाही. आपल्याकडच्या मराठीसाठी प्रश्न बसवायचे तर आधी लोकांत जाऊन विचारावं लागेल. येळ्ळूरपासून सुरू करू, मी रविवारी येतो.

येळ्ळूरकर:
ये. मी थांबलो नाही, आजच आमच्या गल्लीत पासष्टीच्या पुढच्या नऊ बायकांना विचारलं. इंग्रजी तारीख दोघींनी बरोबर सांगितली. तिथी सातजणींनी, आणि त्यात आई होती.