खाजनातील क्षारता: एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी नमुने कधी आणि कसे घ्यावेत?

वायंगण२३
मृदाशास्त्र, एम.एस्सी. दुसरे वर्ष. विषय: गोव्यात तिसवाडीतल्या एका खाजनाची (खाडीकाठची, बांध घालून भरतीपासून राखलेली शेतजमीन) क्षारता आणि सरदीचे (पावसाळी) भात. आराखडा असा: जानेवारीत ४० जागांवरून ०–१५ सेंमी खोलीचे नमुने. माती-पाणी १:२.५ मध्ये पीएच आणि ईसी (विद्युतवाहकता, क्षाराचं माप), वॉकली-ब्लॅक पद्धतीने सेंद्रिय कर्ब, अमोनियम ॲसिटेटने सोडियम काढून ईएसपी (मातीच्या कणांनी धरलेल्या सोडियमची टक्केवारी). बांधाजवळचे २० आणि आतले २० यांची टी-चाचणीने तुलना. यात काय चुकतंय?

पोयकाठ
पहिली अडचण जानेवारीची. तेव्हा भात कापून झालेलं असतं आणि बऱ्याच खाजनांत मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खारं पाणी आत घेतलेलं असतं. तो आकडा त्या पंधरवड्यात मानस कशी चालवली ते सांगेल, भाताने काय सोसलं ते नाही.

क्षार शिखरावर असतात एप्रिल-मेमध्ये. जमीन सुकते, खालचं खारं पाणी वर चढतं आणि पांढरा थर धरतो. जून-जुलैच्या पावसात तो धुऊन जातो. भाताला सर्वात जास्त झळ लागते ती रोप २–३ पानांचं असताना आणि पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंत. त्यामुळे निदान चार फेऱ्या करा: मेअखेर पहिल्या पावसाआधी, लावणीला, पोटरीत आणि कापणीनंतर. जागा प्रत्येक वेळी त्याच. खोली ०–१५, १५–३०, ३०–६०, कारण सप्टेंबरात पावसाने दडी मारली की क्षार खालूनच वर येतात. मेमधला पांढरा थर खरवडून वेगळ्या पिशवीत घ्या, नाहीतर वरच्या १५ सेंमीचा आकडा फुगतो.

नमुन्यासोबत मानशीची दारं कधी उघडी-बंद होती, तिथी कोणती (अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त शिरतं), बांधाला खेकड्यांची भोकं आहेत का, पोयीतल्या (खाजनातल्या ओहोळातल्या) आणि नदीतल्या पाण्याचा ईसी किती, हेही लिहा. समुद्राचं पाणी साधारण ५० डेसीसीमेन्स प्रति मीटर असतं, त्यावरून पोयीत किती खारं मिसळलंय याचा अंदाज येतो. मानशीची मासेमारी पावणीत (लिलावात) जाते. ती घेणाऱ्याला कोळंबी-मासळीसाठी पाणी हवं असतं, शेतकऱ्याला नको असतं. ही ओढाताण तुमच्या आकड्यांत उतरणारच, म्हणून आधी कूळ संघाकडून (खाजनातल्या शेतकऱ्यांच्या संघटनेकडून) मानशीचं वेळापत्रक मिळवा.

मातीघर
प्रयोगशाळेकडे वळू. १:२.५ चा ईसी घेऊन ‘४ च्या वर म्हणजे क्षारयुक्त’ लिहू नका. ती मर्यादा संपृक्त लगद्याच्या अर्काची, म्हणजे ईसीईची. भाताचीही तशीच: प्रचलित हिशेबाने ईसीई ३ पर्यंत उत्पादनाला धक्का नाही, पुढे दर एककाला सुमारे १२ टक्के घट. म्हणजे ६ ला साधारण ३६ टक्के. १:२.५ मध्ये पाणी कितीतरी जास्त पडतं, त्यामुळे तोच नमुना निरुपद्रवी दिसतो.

लगदा असा करा: २५० ग्रॅम मातीत ऊर्ध्वपातित पाणी थोडं थोडं घालत ढवळा. पृष्ठभाग चकाकला आणि लगदा चमच्यावरून सहज घसरला की थांबा. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वर पाणी साचलं तर थोडी माती घाला, ताठ झाला तर पाणी. मग निर्वात पंपाने गाळा. सगळे नमुने जमत नसतील तर कमी ते जास्त क्षाराचे १०–१२ निवडून त्यांचा ईसीई काढा आणि १:२.५ शी स्वतःचं समीकरण बसवा. दुसऱ्या प्रदेशाचा गुणक उचलू नका, तो चिकणमातीच्या प्रमाणानुसार बदलतो. ईसी मीटर तपासायला लिटरभर पाण्यात ०.७४५६ ग्रॅम कोरडं पोटॅशियम क्लोराइड; २५ अंश सेल्सिअसला वाचन १.४१३ डेसीसीमेन्स प्रति मीटर यायला हवं.

वॉकली-ब्लॅकमध्ये कर्ब मोजायला घातलेलं डायक्रोमेट क्लोराइडही खातं, म्हणून खाऱ्या मातीचा कर्ब खोटा जास्त येतो. सल्फ्युरिक आम्लात सुमारे सव्वा टक्का सिल्व्हर सल्फेट विरघळवा. पाण्याखालच्या मातीतलं फेरस लोहही तीच चूक करतं.

ईएसपीत याहून मोठी चूक होते. अमोनियम ॲसिटेट विरघळलेलं सोडियमही ओढून घेतं. लगद्याच्या अर्कातलं सोडियम (मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर) गुणिले संपृक्तता टक्के (लगद्यात १०० ग्रॅम मातीला लागलेलं पाणी), भागिले १००० असा १०० ग्रॅमचा आकडा काढून वजा करा. नाहीतर साधी खारी जमीन ‘चोपण’ (सोडियमने बिघडलेली) ठरेल आणि कोणीतरी उगाच जिप्सम सुचवेल.

मोरडवाला
सांख्यिकीबद्दल. एका खाजनातले २० नमुने म्हणजे २० पुनरावृत्ती नव्हेत. बांध एक, मानस एक. टी-चाचणी त्या एका खाजनापलीकडे काही सिद्ध करत नाही. चार खाजनं घ्या, प्रत्येकात बांधापासून खेर (जरा उंचावरच्या) जमिनीपर्यंत एक रेघ आणि तीवर पाच ठाणी. खाजन हा ब्लॉक (विश्लेषणातला गट) धरा. एकच खाजन शक्य असेल तर तुलना सोडा आणि अंतर व उंचीवर समाश्रयण (रिग्रेशन) करा. उंची डंपी लेव्हलने मोजा. १० सेंमीच्या फरकाने पाणी किती दिवस तुंबतं ते बदलतं.

अजून एक: शेतकरी खाऱ्या तुकड्यात कोरगुट (खारं सोसणारा स्थानिक भात) लावतात आणि गोड्या तुकड्यात ज्योती हा वाण. मग वाण आणि क्षार वेगळे कसे करणार? प्रत्येक ठाण्यावर दोन्ही लावा. ओल्ड गोव्याच्या आयसीएआर संस्थेने कोरगुटातून निवडलेलं गोवा धान १ तिसरं म्हणून ठेवता येईल.

वायंगण२३
आभार. आमच्याकडे निर्वात पंप नाही. आणि चाचणीपुरत्या घेतलेल्या ३०–६० च्या ओल्या मातीचा पीएच ६.४ होता, वाळवल्यावर ४.३. मीटर बिघडला का?

मातीघर
पंपाऐवजी सेंट्रिफ्यूज चालेल. मीटर बहुधा ठीक आहे. खारफुटीच्या जुन्या गाळात पायराइट (लोहाचं सल्फाइड) असतं, हवा लागली की त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. हे तपासायला थोड्या ओल्या मातीवर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घाला, पण आधी त्याचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने ५ च्या आसपास आणा, कारण बाटलीतलं मुळातच आम्लधर्मी असतं. हातमोजे, चष्मा हवेत, कारण ते उकळून उडतं. फेस बसल्यावर पीएच २.५ च्या खाली गेला तर सल्फाइड आहे असं धरा. ३ च्या आसपास थांबला तर नुसता सेंद्रिय पदार्थही कारण असू शकतो.

म्हणून त्या थराचा पीएच शेतातच, ओला असताना मोजा. उरलेली माती पिशवीतली हवा काढून गोठवा. आणि स्फुरदासाठी पद्धत त्या ओल्या पीएचवरून ठरवा: आम्लधर्मी असेल तर ब्रे, उदासीन किंवा वर असेल तर ओल्सेन. वाळलेल्या नमुन्याच्या ४.३ वर विसंबलात तर पद्धतच चुकीची निवडली जाईल.