प्रतिसाद: चेन्नईची रेस, गाडी की ट्रेन?

फोंड्याहून चौघे मोटार रेस बघायला चेन्नईला जाताय आणि गाडी न्यावी का असं विचारलंय, तर माझं मत: आलटून पालटून चालवणारे दोघे असतील तर न्या. चोर्ला घाट चढून बेळगावला महामार्ग ४८ धरला की हुबळी, बेंगळुरू, वेल्लोर करत तोच रस्ता चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकपाशी नेतो. मुक्काम चेन्नईत नको, अलीकडे श्रीपेरुंबुदूरला करा, नाहीतर रोज शहरातून तंगडतोड. तो पट्टा कारखान्यांचा, कंटेनर मुबलक. त्यामुळे गाडी ट्रॅकच्या गेटाला चिकटवून लावू नका, तोंड बाहेरच्या बाजूला करून थोडी लांबच लावा. सुटताना सगळे एकदम निघतात, तेव्हा वरच्या प्रतिसादात कोणा बाबने सुचवलेली 'गेटाजवळची जागा' सगळ्यात शेवटी हलते!

ट्रॅकवरची नसून शहरातल्या रस्त्यांवरची रात्रीची स्ट्रीट रेस असेल तर मात्र ट्रेनच. ती जिथे झाली ते आयलंड ग्राउंड्स चेन्नई सेंट्रल स्टेशनपासून जवळ आहे.

तिकिटं? रेसचं आधी, प्रवासाचं रद्द करता येईल असंच. डिसेंबर २०२३ ची स्ट्रीट रेस चक्रीवादळामुळे पुढे गेली ती थेट ऑगस्ट २०२४ अखेर झाली. आपला पाऊस संपला म्हणून छत्र्या घरी ठेवू नका, तिथला खरा पाऊस ऑक्टोबरनंतरच.