मदत हवी आहे: पावसाआधी कौलं चढवायची आहेत, कामांचं वेळापत्रक जमत नाही

माजघर (29 मार्च 2026)

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचं वडिलोपार्जित घर आहे. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. आढं सागाचं आहे, अजून ठणठणीत. वासे आणि रिपा मात्र वाळवीने खाल्ल्यात. पुढच्या हंगामात दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, म्हणून यंदा छप्पर नवीन करायचं आणि मागच्या अंगणात न्हाणीघर-संडास बांधायचं ठरलंय. पैसे दादा मुंबईहून पाठवतो, उस्तवार माझ्याकडे.

मी एक्सेलमध्ये पत्रक केलंय. एका खान्यात काम, दुसऱ्यात सुरुवात, तिसऱ्यात शेवट. 14 एप्रिलला जयंती, त्या दिवशी कोणी कामावर येणार नाही, म्हणून 15 पासून धरलंय. रविवारी सुट्टी.

कौलं उतरवणं, जुने वासे काढणं: 4 दिवस
भिंतींवर काँक्रीटचा पट्टा: 5 दिवस
पट्ट्याला पाणी मारणं: 7 दिवस
लाकूड सांगणं आणि येणं: 12 दिवस (वखारवाल्याने सांगितलेले)
सुतारकाम: 10 दिवस
कौलं चढवणं: 4 दिवस

शेवट 30 मे येतोय. मृग 7-8 जूनला, म्हणजे आठवडा हातात आहे असं मी म्हणतो. दादा म्हणतो, तुझं पत्रक म्हणजे नुसत्या तारखांची जंत्री आहे. त्याचं म्हणणं थोडं खरं आहे, कारण एक तारीख हलली की खालच्या सगळ्या मला हाताने बदलाव्या लागतात. काल दोन तास त्यातच गेले. ‘डिपेंडन्सी’, ‘माइलस्टोन’ हे शब्द ऐकलेत, पण ते माझ्या घराला कसे लावायचे ते कळत नाही. न्हाणीघर तर मी पत्रकात घेतलेलंच नाही, कारण गवंडी एकच आहे आणि त्याला कुठे बसवायचं तेच सुचेना.

नुसता वाचक

पत्रे घाला. विषय संपला.

माजघर

पत्र्याखाली मे महिन्यात पाहुणा झोपवून दाखवा, मग बोलू.

खाडीपलीकडे

मी जेटी आणि पुलांच्या कामांवर प्लॅनिंग करायचो, आता निवृत्त आहे. तुमचं पत्रक वाईट नाही, पण त्यात एक खाना कमी आहे: ‘हे काम कशावर अडलंय?’ तो भरा. डिपेंडन्सी म्हणजे एवढंच. पट्टा ओतायचा तर छप्पर उतरलेलं हवं. वासे चढवायचे तर पट्टा पिकलेला हवा आणि लाकूड आलेलं हवं, म्हणजे सुतार दोन गोष्टींवर अडलाय. लाकूड मात्र कशावर अडलंय? तुम्ही ते पट्ट्याच्या पाण्यानंतर लिहिलंय. का?

आणि तो आठवड्याचा हिशेब सोडून द्या. 2025 विसरलात का? 24 मेला पाऊस केरळात आला आणि 26 ला मुंबईत. मधलं कोकण कोरडं राहिलं नव्हतं. कौलं चढायची शेवटची तारीख मी 20 मे धरेन, त्यापुढे एक दिवस नाही.

माजघर

लाकूड नंतर लिहायची दोन कारणं. पट्टा ओतल्यावर भिंतीची नेमकी मापं मिळतील, हे एक. आणि दादाचा दुसरा हप्ता मेच्या सुरुवातीला येणार, हे दुसरं.

खाडीपलीकडे

यातलं एकही कारण बांधकामाचं नाही. पहिलं सवयीचं, दुसरं खिशाचं. खिशाचं खोटं असतं असं मी म्हणत नाही, पण ते फोनवर सुटतं. मापं माळ्यावर चढून आजही घेता येतील. जुन्या घराच्या भिंती काटकोनात नसतातच, म्हणून प्रत्येक वासा फूटभर लांब सांगा, सुतार जागेवर कापेल.

लाकूड 15 एप्रिललाच सांगितलं असं धरून बघू. ते 27 ला येतं. इकडे कौलं उतरवणं 15 ते 18, पट्टा 20 ते 24, पाणी 25 एप्रिल ते 1 मे. पाणी मारायला रविवारची सुट्टी नाही हे लक्षात घ्या, सिमेंटला वार कळत नाही. सुतार 2 मेला वर चढतो आणि 13 ला मोकळा होतो, कौलं 14 ते 18 मे. बारा दिवस वाचले आणि कोणालाही घाई करावी लागली नाही.

आता या साखळीत लाकूड 27 एप्रिलला येतंय आणि लागणार आहे 2 मेला. मधले चार दिवस ही लाकडाची सवड. उतरवणं, पट्टा, पाणी, सुतार, कौलं या रांगेत सवड शून्य, यातलं काहीही एक दिवस लांबलं की 18 मे हललीच. या रांगेला क्रिटिकल पाथ म्हणतात. 1950 च्या दशकाच्या शेवटी ड्यूपॉन्ट या अमेरिकी रसायन कंपनीच्या कामांसाठी ही पद्धत बसवली गेली. त्यात जादू काही नाही, सगळ्यात लांब रांग शोधायची आणि तिच्यावर डोळा ठेवायचा.

ओसरीवरून

मालवणला दोन वर्षांपूर्वी आम्ही हेच केलंय, म्हणून बोलते. खाडीपलीकडे काकांचं गणित बरोबर आहे, पण त्या पत्रकाप्रमाणे 18 एप्रिलपासून तुमचं घर उघडं आणि लाकूड अजून वखारीत! वखारवाल्याचे बारा दिवस म्हणजे किती, हे कोकणात मी तुम्हाला सांगायला हवं का? आमचे बारा दिवस तेवीस झाले. त्यात एप्रिलअखेर वळिवाची एक सर आली. भिंती तुमच्यासारख्याच मातीत बांधलेल्या. ताडपत्री वाऱ्याने एका कोपऱ्यातून सुटली, पाणी भिंतीच्या डोक्यातून आत उतरलं आणि सकाळी माजघराच्या कोपऱ्यात चिऱ्यांमधली माती लापशीसारखी बाहेर आली होती. सासूबाई तिथेच बसून राहिल्या.

म्हणून ‘कशावर अडलंय’चा तुमचा क्रम उलटा करा. तुम्ही लिहिलंय कौलं उतरवणं, मग लाकूड. तुम्ही लिहा लाकूड अंगणात, मग कौलं उतरवणं. बांधकामाच्या दृष्टीने कौलं काढायला नवीन लाकूड लागत नाही, हे मलाही कळतं. ही अट आपण मुद्दाम घालायची. लाकूड मोजून पडवीत रचलं, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, म्हणजे हवा खेळते आणि वाकत नाही, की मगच पहिलं कौल काढायचं.

आणि कौलांचंही बघा. उतरवताना फुटणारच. नवीन कौल दुसऱ्या कारखान्याच्या साच्याचं असलं तर जुन्यात नीट बसत नाही, फट राहते. आम्ही सगळी नवीन कौलं मागच्या उतारावर एकत्र लावली, पुढे सगळी जुनी.

खाडीपलीकडे

ताईंचं म्हणणं माझ्या गणिताच्या वरचं आहे, मान्य. ‘लाकूड पडवीत’ हाच तुमचा पहिला माइलस्टोन करा. माइलस्टोनला दिवस लागत नाहीत. ते काम नव्हे, ती खूण आहे: झालं किंवा नाही झालं, ‘ऐंशी टक्के झालं’ असं उत्तर तिथे चालत नाही. तुम्हाला तीन पुरेत. लाकूड पडवीत, पट्टा पिकला, कौलं चढली. लोक प्रत्येक कामाला माइलस्टोन लावतात, मग बघायचं कशाकडे तेच कळत नाही.

अजून एक. सुताराच्या दहा दिवसांत रंधा, भोकं, वाळवीचं तेल हे किती दिवसांचं? ते जमिनीवर होतं, त्यासाठी पट्टा पिकायची गरज नाही. पट्टा पाणी पीत असताना सुतार अंगणात काम करू शकतो.

माजघर

विचारलं. चार दिवस खाली, सहा दिवस वर, म्हणाले.

नुसता वाचक

मगाशी चेष्टा केली, आता कामाचं. सिमेंटच्या पोत्यावर काय लिहिलंय ते बघा. आयएस 456 मध्ये (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) ओपीसीला, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटला, किमान 7 दिवस पाणी सांगितलंय, पण पीपीसीसारख्या (पोर्टलंड पोझोलाना) मिश्र सिमेंटला किमान 10.

न्हाणीघराबद्दल: गवंडी एकच असला तर तोही एक अडकाव आहे, जरी ती दोन कामं एकमेकांवर अवलंबून नसली तरी. पट्टा 24 ला ओतला की तो मोकळा, 25 एप्रिलपासून पाया 4 दिवस, चिरे 6, स्लॅब 3, म्हणजे 9 मेला स्लॅब ओतून झाला. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधलं अंतर) त्याच आयएस 456 प्रमाणे टेकू किमान 7 दिवस. तेवढे दिवस गवंडी रिकामा बसवू नका. बाहेरच्या प्लास्टरला आतले टेकू काढावे लागत नाहीत, ते 11 ते 14 मे उरकून घ्या. आतलं प्लास्टर आणि लाद्या भर पावसातही होतील.

एक्सेलमध्ये तारखा हाताने लिहू नका. ‘वर्कडे.इंटल’ (WORKDAY.INTL) हे सूत्र वापरा. सुट्टीच्या जागी 11 लिहिलं की फक्त रविवार सुट्टी धरतं, नाहीतर शनिवारही सोडून देतं. सुरुवातीचा दिवस ते मोजत नाही, म्हणून चार दिवसांच्या कामाला 3 लिहायचे. पाणी मारण्याला हे सूत्र लावू नका, तिथे पट्टा संपल्याच्या तारखेत सरळ दहा मिळवा. आणि प्रत्येक कामाची सुरुवात ज्याच्यावर ते अडलंय त्याच्या शेवटच्या खान्याला जोडा. मग वरचा एक आकडा बदलला की खालचं सगळं आपोआप सरकतं.

माजघर (2 एप्रिल 2026)

सगळ्यांचे आभार, पत्रक नव्याने केलं. काय झालं ते लिहितो, कोणाला उपयोग झाला तर बघा.

माळ्यावर चढून मापं घेतली. मागची भिंत एका टोकाला चार इंच बाहेर गेलीय, हे पन्नास वर्षांत कोणाला माहीत नव्हतं. दादाला फोन केला, त्याने फारसं न बोलता पैसे लगेच पाठवले (‘जंत्री’बद्दल मात्र पुन्हा बोललाच). काल 1 एप्रिलला लाकूड सांगितलं, 13 ला येईल म्हणतात. 15 ला कौलं उतरवणार, ‘लाकूड पडवीत’ झालं असेल तरच.

पोत्यावर पीपीसी निघालं. म्हणजे पाणी 10 दिवस, 4 मेपर्यंत. सुतारकाका 27 ते 30 एप्रिल खाली काम करणार आणि 5 मेला वर चढणार. तेवढ्यात ते म्हणाले, ‘8 आणि 9 ला मी नाही, पुतणीचं लग्न आहे.’ यंदा 17 मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, त्यात लग्नं नाहीत, म्हणून सगळ्यांनी त्याआधीच उरकायचं ठरवलेलं दिसतंय. ते दोन दिवस सुट्टीच्या यादीत टाकले. सुतारकाम 13 मेला संपतं, कौलं 14 ते 18.

म्हणजे इतकं करून परत 18 मेच! आधी वाईट वाटलं. मग हेच दहा दिवसांचं पाणी जुन्या पत्रकात घालून बघितलं, तर 2 जून आली.

एक प्रश्न राहिला होता, त्याचं उत्तर मलाच मिळालं, तरी सांगतो. 18 मे आणि 20 मेमध्ये दोन दिवस सवड आहे, तेव्हा लाकूड उशिरा आलं तर 17 एप्रिलला कौलं उतरवायला सुरुवात केली तरी चालेल असं मी धरून चाललो होतो. पत्रकात 17 टाकलं तर शेवट 20 ऐवजी 21 मे आला. आधी सूत्र चुकलं असं वाटलं. मग बोट ठेवून मोजलं. पट्ट्याचा पाचवा दिवस रविवारवर पडतो, काँक्रीट सोमवारी 27 ला जातं, तिथून दहा दिवस म्हणजे 7 मे, आणि पुढचे दोन दिवस लग्न. 16 ला सुरुवात केली तर 19 मेला संपतं. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात 16 एप्रिलवर लाल गोल केलाय. त्या दिवशी सकाळी लाकूड पडवीत नसेल तर यंदा छप्पर उघडायचं नाही, फुटकी कौलं बदलून घर शाकारून घ्यायचं, आणि गवंड्याला सरळ न्हाणीघरावर घालायचं.

ओसरीवरून

तो गोल सुतारकाकांना दाखवलात का? आणि वखारवाल्याला?

माजघर

सुतारकाकांना दाखवला. वखारवाल्याला 12 एप्रिल सांगितलाय.

ओसरीवरून

शिकलात.