अनुभव धागा: न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची अ‍ॅडमिशन, तुमच्या आठवणी सांगा

सायली_डोंबिवली
काल माळा आवरताना एक खाकी पाकीट सापडलं आणि हात तिथेच थांबला. २००३ सालचं. आत ट्रान्सक्रिप्ट म्हणजे कॉलेजने दिलेला गुणांचा उतारा, मागे कॉलेजचा जांभळा गोल शिक्का, अर्धा झाकणावर अर्धा पाकिटावर, आणि त्याच्यावरून आडवी गेलेली सही. तेव्हा सगळं असंच पोस्टाने जायचं, पाकीट उघडलेलं दिसलं की बाद. मी कोलंबियाला एमएससाठी अर्ज करत होते आणि आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं की तिथे अख्ख्या विद्यापीठाचा एकच फॉर्म नसतो, इंजिनिअरिंगचं वेगळं, सिपाचं म्हणजे आंतरराष्ट्रीय धोरणं शिकवणाऱ्या स्कूलचं वेगळं, टीचर्स कॉलेजचं तर अ‍ॅडमिशन ऑफिसच वेगळं, प्रत्येकाची फी आणि शेवटची तारीख आपापली. आणि इकडे कॉलेजच्या ऑफिसात बारा दिवस चकरा, साहेब आज नाहीत, उद्या या. तेराव्या दिवशी बाबा रजा टाकून आले आणि काही न बोलता खिडकीसमोर उभे राहिले. चार तास. सही झाली. हे त्यातलंच एक जास्तीचं उरलेलं. बाबा मागच्या वर्षी गेले. पाकीट परत माळ्यावर टाकवत नाहीये. भाचीचे अर्ज चालू आहेत आता, ती घरी बसून सगळं अपलोड करते. तुमचं सांगा ना कोणीतरी.

मंदार_ठाणे
सायली, बाबांचं वाचून गलबललं. माझं रेकोचं, म्हणजे शिक्षकांच्या शिफारसपत्रांचं झालं होतं, दोन सरांनी सांगितलं तूच लिहून आण मी सही करतो. तिसऱ्या मॅडमनी मात्र घरी बोलावलं, तासभर प्रोजेक्टचं विचारलं, मग स्वतः बसून लिहिलं आणि मला दाखवलंही नाही. आजही दिवाळीला त्यांना फोन करतो.

गोदाकाठ
जयभीम सगळ्यांना. ड्युटीवर आहे, तुटक लिहितोय. मी नांदेडचा, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलो. अनुसूचित जातीच्या ७५ मुलांना मिळते, पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयात अर्ज जातो, विद्यापीठाचं क्यूएस या जागतिक यादीतलं रँकिंग बघतात. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, ऑफर लेटर, एकेका कागदासाठी एसटीने किती फेऱ्या झाल्या मोजलं नाही. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी लेहमन लायब्ररीत गेलो, तिथे बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. १९१३ मध्ये ते आले तेव्हा २२ वर्षांचे होते, सयाजीरावांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा पुतळ्याकडे फिरवला. आजीने आधी पदर डोक्यावर घेतला, मग हात जोडले. मग म्हणाली आता फोन ठेव, अभ्यासाला लाग.

मोगरा७१
गोदाकाठ, डोळे भरून आले रे बाळा. आजी कशा आहेत?

रानवारा
मला दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा झालं. पहिल्या एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निबंधात मी लिहिलं होतं लहानपणापासून मशीनची आवड वगैरे, तसं सगळेच लिहितात. तिसऱ्या वेळी सरळ लिहिलं की सोलापुरात आमच्या यंत्रमागाची मोटार सारखी जळायची आणि का जळते ते बघायला मी तिच्यावर सेन्सर बसवून तीन महिने रीडिंग वहीत उतरवली, त्या वहीतली एक ओळसुद्धा जशीच्या तशी टाकली. माझं ठाम मत आहे, आपलं खरं काम लिहा, बाकी शब्द नकोत. भाचीला अजून एक सांग सायली, पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर खर्चाला स्टायपेंड असतो, मास्टर्स मात्र जवळपास सगळं आपल्या खिशातून, न्यूयॉर्कचं भाडं धरून हिशोब कर. फंडिंगच्या ऑफरला बऱ्याच विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायला वेळ असतो, त्याआधी कोणी घाई केली तर घाबरायचं नाही.

सायली_डोंबिवली
रानवारा खूप आभार, तिला लगेच पाठवलं. ती विचारतेय जीआरई, ती प्रवेशपरीक्षा, लागतेच का?

रानवारा
डिपार्टमेंटवर आहे. काही मागतात, काही ऐच्छिक म्हणतात, काही बघतच नाहीत. त्या त्या डिपार्टमेंटच्या पानावर बघायचं, मित्रांच्या सांगण्यावर जायचं नाही. आता दोन तासांच्या आत संपते ती परीक्षा, आपल्या वेळी अर्धा दिवस जायचा.

पाऊसवेडी
कुकर लावलाय तेवढ्यात लिहिते. आमच्या वेळी अमेरिकेचा व्हिसा मुंबईत ब्रीच कँडीला, २०११ नंतर बीकेसीला गेलं ते. जुलै, धो धो पाऊस, रस्त्यावर रांग आणि मी फाईल ओढणीत गुंडाळून पोटाशी धरलेली. मागच्या काकूंनी स्वतःची छत्री माझ्या फाईलवर धरली आणि स्वतः भिजल्या, त्यांचं नावही विचारलं नाही मी, फार वाटतं त्याचं.

मंदार_ठाणे
अल्मा मॅटरच्या पुतळ्यात लपलेलं घुबड कोणी शोधलं का? ११६व्या स्ट्रीटला उतरलं की आत पायऱ्यांवर बसलेली बाई, तिच्या वस्त्राच्या घडीत डाव्या पायाजवळ. आईला सांगितलं तर मला वाटलं अशुभ म्हणेल, तर ती म्हणाली लक्ष्मीचं वाहन आहे ते, नमस्कार करून जा परीक्षेला.

मोगरा७१
किती छान आई. माझा लेक पण ऑगस्टमध्ये चाललाय, तिकडेच पण दुसऱ्या विद्यापीठात. भाजणी नेता येते का हो? आणि मेतकूट?

पाऊसवेडी
दोन्ही नेलं होतं मी. घट्ट सील करून, वर नाव लिहून चेक-इन बॅगेत, आणि तिथे उतरल्यावर कस्टम्सला खायचे पदार्थ आहेत असं स्पष्ट सांगायचं. छोटा कुकर पण द्या, शिट्टी आणि रबर एकेक जास्तीचं.

गोदाकाठ
मोगराताई, आजी बरी आहे, ८४ ची आहे. आत्ता तिला धागा वाचून दाखवला. ती विचारतेय भाजणीत धने किती घालता.

मोगरा७१
किलोला वाटीभर, भाजून घ्यायचे. आजींना नमस्कार सांग.