'आक्रमक' शैली म्हणजे नक्की कशी?

अनुवादिनी: मतदारांसाठीची एक प्रश्नावली मराठीत करते आहे. 'अ‍ॅसर्टिव्ह'ला मी 'आक्रमक' लिहिलं: "उमेदवाराचं आक्रमक बोलणं तुम्हाला आवडतं का?" चाचणीत पुरुषांनी पटापट 'हो' म्हटलं, बायका अडखळल्या. एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे अंगावर येणारा ना? नको गं बाई." 'ठाम' म्हटल्यावर त्याच 'हो' म्हणाल्या. मग फरक बाई-पुरुषांत आहे की माझ्या शब्दात? दुसरा शब्द सुचवा.

पेठकर: 'आक्रमक'च ठेवा. आ + क्रम्, पाऊल पुढे टाकणे. 'विरोधक आक्रमक' असा मथळा रोज असतो, तो कौतुकानेच.

कऱ्हाकाठ: कौतुक पुरुषाचं. बाई तसं बोलली की 'आक्रस्ताळी'. आई ग्रामपंचायत सदस्य होती. ग्रामसभेत तिने टँकरच्या खेपा विचारल्या, वहीतल्या ओळीवर बोट ठेवून, आवाज न चढवता. तरी शेजारचे काका म्हणाले, "वहिनी फार आक्रस्ताळ्या झाल्यात." मी 'करारी' सुचवेन.

पेठकर: करार अरबी. 'बाणेदार' घ्या.

खानदेशी: त्यातला 'दार' फारसीच आहे, दादा. असं गाळत बसलो तर प्रश्नावली कोरी राहील. आणि 'आक्रस्ताळी' हा मला आक्रोशावरूनच आलेला वाटतो.

पेठकर: नाद जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. पुरावा द्या.

सातारकर: आक्रमक-मवाळ राहू दे, हाक कशी मारली ते बघा. २०२४ साली बायकांसाठी शब्द होता 'लाडकी बहीण'. महिना १५०० रुपये, राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे एकदम ३०००, आणि सभेत त्याला म्हणायचं 'ओवाळणी'. मध्य प्रदेशात शिवराजसिंह चौहान तर 'मामा'च झाले. बायका नात्याला ओ देतात.

कऱ्हाकाठ: नात्याला की पैशाला? आणि 'बायकांनी निवडणूक फिरवली' म्हणताना आकडेही बघा. महाराष्ट्रात २०२४च्या विधानसभेला पुरुषांचं मतदान ६६.८४ टक्के, बायकांचं ६५.२२.

वऱ्हाडकन्या: आमच्या घरी सासूबाई आणि मी, दोघींना पैसे मिळाले. भाषण एकत्रच ऐकलं. त्यांना 'ओवाळणी' ऐकून भरून आलं, मला तो शब्द खुपला. ओवाळणी भाऊ खुशीने घालतो, किती घातली हे विचारायचं नसतं. सरकारी पैशाचा हिशेब विचारता आला पाहिजे. 'हप्ता' म्हणा, 'अनुदान' म्हणा. एकाच घरातल्या दोन बायकांचं पटत नाही, तिथे 'बायकांना काय आवडतं' असं एका रकान्यात कसं मावेल?

पेठकर: अनुदान उत्तम. हप्ता फारसी.

अनुवादिनी: उद्या छपाईला द्यायचं आहे. 'ठाम' ठेवू का?

सातारकर: वऱ्हाडकन्या, आमच्याकडे 'ववाळणी' म्हणतात, आणि आजी ती परत भावाच्याच पोराच्या हातावर ठेवायची. तुमच्याकडे ठेवून घेतात का?